अभय कुणाचं, आणि घास कुणाचा?

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह. सकाळी गुरुचरित्राचं पारायण, संध्याकाळी मंदिरात थोडा वेळ निरूपण. आपल्याकडे हा मार्गशीर्षाचा काळ म्हणजे रब्बी नुकती मातीवर आलेली असते. हरभरा वीतभर झालेला, गहू कोंबात, कांद्याची लागण सुरू. थंडी पडलेली असते आणि रात्री राखणीला जावं लागतं.

मागच्या एका वर्षी सप्ताहात चोवीस गुरूंचा विषय चालू होता. हरणाचा दिवस आला. निरूपण संपल्यावर प्रसाद घेऊन बहुतेक मंडळी उठली, पण एक ओळखीचे शेतकरी बसून राहिले. त्यांचं रान लासूर स्टेशनपासून वैजापूरच्या बाजूला माळाला लागून आहे. मला म्हणाले, "आण्णा, तुमी सांगता हरीण गुरू हाय. ऐकलं. पन माझ्या दोन एकर हरभऱ्याचे शेंडे या गुरूनं चार रातीत खुडून नेले. आता त्याला नमस्कार करू का गोफण घिऊ?"

ऐकणारे दोन-तीन जण हसले. ते मात्र हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही, कारण उत्तर येत नव्हतं. त्या रात्री जे सुचलं नाही ते पुढे बरेच दिवस मनात घोळत राहिलं. तेच आज वार्षिकांकाच्या निमित्ताने आपणा भाविकांपुढे ठेवतो. मी काही पंडित नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

गुरू म्हणजे निरुपद्रवी नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, की तू कोणतंही काम करत नाहीस, तरी इतका आनंदात कसा? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर पैठणच्या नाथमहाराजांनी विस्ताराने टीका लिहिली, ती आपल्या घराघरांत आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर होते आणि ते थोर दत्तभक्त. खुलताबादेजवळच्या शूलिभंजनाच्या डोंगरावर नाथांनी तप केलं असं आपण मानतो. म्हणजे हा विषय आपल्याकडे लांबून आलेला नाही, आपल्याच डोंगरातला आहे.

हे चोवीस गुरू एकदा बोटांवर मोजून पाहावेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र हे आठ. मध काढून नेणारा, पिंगला, लहान मूल, कुमारिका आणि बाण घडवणारा कारागीर ही पाच माणसं. उरलेले अकरा सगळे जीवजंतू. कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी. चोवीसात माणसं फक्त पाच! आणि त्या पाचांतही कुणी राजा, पंडित, पुरोहित नाही.

पण हे अकरा जीव काही सज्जन म्हणून गुरू झालेले नाहीत. हरीण गाण्याला भुलतं आणि पारध्याच्या हाती सापडतं, ते पाहून अवधूत शिकला की कानाला आवर घालावा. मासा गळाला लागतो, पतंग दिव्यावर झेपावतो, कबुतर पिल्लांच्या मायेने जाळ्यात उडी घेतं. अवधूताने त्यांच्या चुकांतूनही विद्या घेतली. तेव्हा हरीण गुरू आहे याचा अर्थ ते आपलं नुकसान करणार नाही असा नाही, आणि त्याने हरभरा खाल्ला म्हणून त्याचं गुरुपण संपलं असाही नाही. त्या शेतकरीबंधूंच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे सुटतो.

उरलेला अर्धा भाग अवघड आहे. हरभरा गेला तो गेलाच. त्याचं काय?

अभयारण्य हा शब्द

आपण अभयारण्य हा शब्द सहज बोलतो. अभय आणि अरण्य. जिथे जीवाला भीती नाही असं रान. आपल्या जिल्ह्याला अशी दोन ठिकाणं लागतात आणि दोन्ही एकाच वर्षी, १९८६ साली जाहीर झाली. एक उत्तरेला गौताळा औट्रमघाट, कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. पितळखोऱ्याची लेणी तिथलीच, चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी तिथलीच. दुसरं दक्षिणेला, जायकवाडीच्या नाथसागरावरचं पक्षी अभयारण्य. आपल्या गंगापूर तालुक्याच्या कडेपर्यंत त्याचं पाणी येतं. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक येतात, रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात.

आणि या दोघांच्या मध्ये आपण. कन्नडच्या डोंगराकडून शिवना नदी येते, लासूरला देवी दाक्षायणीच्या पायथ्याशी वाहते आणि खाली गोदामाईला मिळते. वरच्या डोंगरावर झाड आणि गवत टिकलं तर पावसाचं पाणी मुरतं आणि नदी चार दिवस जास्त चालते. डोंगर उघडा पडला की पाणी एका दिवसात गाळ घेऊन निघून जातं. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

दत्तस्थानांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढून आपण पादुकांचं दर्शन घेतो, तो सगळा डोंगर २००८ पासून अभयारण्य आहे आणि तिथे सिंह राहतात. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंजा, त्याच्या शेजारी कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य. माहूरगडाच्या पलीकडे पैनगंगेचं अभयारण्य. सांगलीकडे औदुंबरला जाणारे भाविक ज्या भागातून जातात तिथे सागरेश्वर आहे. ते तर उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. महाराजांनी आपल्या जागा बाजारपेठेत निवडल्या नाहीत. जिथे डोंगर, नदी, झाड आणि जनावर आहे तिथे निवडल्या.

हरीण शेतात का आलं?

पण नुसतं कौतुक करून भागत नाही. त्या माळाकडच्या शेतकऱ्याला गौताळा काय आणि गिरनार काय! त्याच्या बांधावर अभयारण्याची पाटी नाही, तरी कळप येतो.

यात एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. काळवीट हे दाट जंगलातलं जनावर नाही. त्याला मोकळा गवताळ माळ लागतो, लांबवर नजर गेली पाहिजे आणि धोका दिसला की धावता आलं पाहिजे. वैजापूर, गंगापूर, पलीकडे येवला, हा सगळा त्याचा मुलूख. येवला तालुक्यात ममदापूरला म्हणूनच काळविटांसाठी संवर्धन क्षेत्र राखलेलं आहे. आपल्या लहानपणी गावागावाला गायरान होतं, माळ पडलेला असायचा, पवन्या आणि कुसळी गवत कमरेला लागायचं. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणत. पडीक म्हटलं की ती जमीन कुणाचीच नाही असं वाटतं. मग विहीर झाली, मोटार आली, पाइपलाइन आली, माळ नांगरला गेला. रस्ते आले, प्लॉट पडले. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो आपल्याच भागातून जातो. हे सगळं वाईट असं मी म्हणत नाही. माळ नांगरला म्हणून लेकरं शिकली. पण तो माळ रिकामा नव्हता. तिथे कुणीतरी राहत होतं. आपण त्याच्या घरात पेरलं, आणि आता ते आपल्या पेरणीत चरतं.

रोही आणि रानडुकराचीही तीच कथा, आणि उसाच्या फडात पिल्लं घालणाऱ्या बिबट्याचीही.

म्हणून जनावराला चोर म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. पण शेतकऱ्यालाही निष्ठुर म्हणताना तितकीच अडखळली पाहिजे. माळ नांगरला तो एकट्याने स्वतःसाठी नव्हे. त्या माळावरचा कांदा, हरभरा, कापूस आपण सगळ्यांनी खाल्ला, नेसला.

दुसऱ्याच्या कावडीचं पुण्य

इथे मला नाथमहाराजांची ती गोष्ट आठवते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघाले असता वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं. नाथांनी कावडीतलं पाणी त्याला पाजलं. बरोबरच्यांनी बोल लावला, तेव्हा नाथांना वाटलं की रामेश्वराला पाणी इथेच पोचलं. ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यातली एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. नाथांनी स्वतःच्या खांद्यावरची कावड रिकामी केली. शेजारच्या वाटसरूची कावड घेऊन त्यांनी गाढवाला पाणी पाजलं नाही.

आज होतं काय? शहरात राहणारा माणूस म्हणतो, वन्यप्राणी वाचले पाहिजेत. मीही म्हणतो. घरात बसून म्हणतो, माझा हरभरा कुणी खात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिलेलं आहे. त्याला मारलं तर तुरुंग, आणि ते योग्यच आहे. पण त्या संरक्षणाचा रोजचा खर्च कोण भरतो? ज्याच्या बांधाला माळ लागून आहे तो. पौषातल्या थंडीत माळ्यावर बसून डबा वाजवणारा, घरातल्या जुन्या साड्या आणून शेताभोवती बांधणारा. जीवदया सगळ्यांची आणि रिकामी होते ती एकाचीच कावड! दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून गाईला घातला तर ते दान होत नाही. ज्याचा घास होता तो उपाशी राहतो, आणि पुण्य आपल्या नावावर मांडलं जातं. हे धर्माच्या हिशोबात बसत नाही.

नाथसागराचंही असंच. त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिराजींनी ते देशाला अर्पण केलं. गोदाकाठची कितीतरी गावं, काळ्या कसदार जमिनी पाण्याखाली गेल्या तेव्हा मराठवाड्याला पाणी मिळालं, आणि दहा वर्षांनी पक्ष्यांना हक्काचं घर मिळालं. रोहित पक्षी पाहायला जावं, जरूर जावं. पण ज्यांच्या उंबरठ्यावर ते पाणी उभं आहे त्यांचीही आठवण तिथे उभं राहून करावी.

गृहस्थाने अभय किती द्यावं?

आता मूळ प्रश्न. संन्यासी संन्यास घेताना सर्व प्राणिमात्रांना अभय देतो, माझ्यापासून कुणाला भय नसो असा संकल्प करतो. अवधूताला ते शोभतं, त्याला शेत नाही, चूल नाही. आपण गृहस्थ. आपण नांगर घातला की किडामुंगी मरते. गृहस्थाच्या घरात हिंसेच्या पाच जागा धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत. चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा. म्हणजे शास्त्रकारांनी गृहस्थाला खोटं सांगितलं नाही. तू कुणालाही न दुखवता जगतोस असं ते म्हणाले नाहीत. तू जगताना जीव जातात हे मान्य कर, आणि त्यापोटी रोज काही दे, असं म्हणाले. त्यासाठी पाच यज्ञ. त्यातला एक भूतयज्ञ. जेवणाआधी गाईचा घास, कावळ्याचा घास, कुत्र्याची भाकरी, मुंग्यांना पीठ. आपल्या आया-आज्या हे न चुकता करत. दत्तगुरूंच्या तसबिरीत मागे गाय आणि पायाशी चार कुत्री आहेत, ती पाहून हात जोडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मला वाटतं, अभयारण्य म्हणजे साऱ्या समाजाने मिळून काढून ठेवलेला भूतयज्ञाचा घास आहे. आपला जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. गौताळा २६०, तोही चाळीसगावकरांबरोबर वाटून घेतलेला. पानातला हा घास फार मोठा नाही. तो काढायला हात आखडू नये. आणि एकदा काढून ठेवलेला घास पुन्हा पानात ओढू नये, तिथे कुऱ्हाड, बंदूक, वणवा नेऊ नये.

पण घरात गाईचा घास कसा काढतात? सगळ्यांच्या स्वयंपाकातून. धाकट्या सुनेला उपाशी ठेवून तिच्या वाटणीचा घालत नाहीत. दत्तसंप्रदायात याला एक नेमका शब्द आहे, माधुकरी. अवधूताने हा धडा मधमाशीकडून घेतला. ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, कोणतंच फूल उजाड करत नाही. साधूही पाच घरं हिंडतो, एकाच घरावर भार टाकत नाही. रानातल्या जीवांचा भारही माधुकरीसारखा वाटला गेला पाहिजे. हरणाला हे कळणार नाही. ते एकाच शेतात उतरणार. म्हणून वाटणी करायची ती माणसांनी. सरकारकडून पीकनुकसानीची भरपाई मिळते ती त्या शेतकऱ्यावर उपकार म्हणून नव्हे. तो आपणा सर्वांच्या घरातून गेलेला माधुकरीचा चतकोर आहे, आणि तो वेळेवर आणि पुरता पोचला पाहिजे. तो पोचत नसेल तर अभयारण्याचं पुण्य सांगायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

गोफण का नमस्कार?

मग शेतकऱ्याने राखण करू नये का? जरूर करावी. गोफण फिरवावी, डबा वाजवावा, बुजगावणं उभं करावं, जमेल त्याने सौर झटका मशीन लावावं. आपलं पीक राखणं हा गृहस्थाचा धर्म आहे. पण हाकलणं वेगळं आणि मारणं वेगळं. कुंपणाच्या तारेत सरळ मेन लाईनचा करंट सोडतात, घासात विष कालवतात, ते करू नये. कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याही आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंधारातली तार हरीण आणि माणूस ओळखत नाही. अशा तारेला चिकटून शेजारी गेले आहेत, घरची माणसं गेली आहेत. ज्याने दुसऱ्यासाठी भय पेरलं त्याच्या अंगणात ते उगवतंच.

उलटही तितकंच खरं. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या गौताळ्यात आला. कित्येक वर्षांनी या डोंगरात वाघ आला. टिपेश्वर ते गौताळा सलग जंगल नाही. तो आला तो रात्रीच्या अंधारात तूर-कपाशीतून, ओढ्यानाल्यांतून, हजारो शेतकऱ्यांच्या बांधांवरून. कुणाला कळलं, कुणाला कळलंही नाही. एवढ्या वाटेत त्याला जाऊ दिलं ते वनखात्याच्या पाटीने नव्हे, त्या शेतांच्या मालकांनी. अभयारण्य नकाशावर एका जागी असतं, पण अभय देणारा माणूस त्या रेषेच्या बाहेर राहतो. त्याला धन्यवाद देण्याची आपल्याला सवय नाही.

आता शेवटचं. त्या रात्रीनंतर आमच्या सप्ताहातल्या चार-पाच जणांनी ठरवलं आणि पारायणाच्या समाप्तीनंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानात गेलो. शेंडे खुडलेला हरभरा डोळ्यांनी पाहिला. एकाने अर्ज लिहिला, एकाने फोटो काढले, पंचनाम्याच्या दिवशी दोघे सोबत थांबले. आणि पुढचे पंधरा दिवस राखणीच्या पाळ्या लावल्या. तरुण मंडळी रात्री, आम्ही म्हातारे संध्याकाळी. पैसे यायला पुष्कळ उशीर लागला आणि आले ते नुकसानीपेक्षा कमी. हरभरा पुन्हा फुटला, पण अर्धाच. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

एका संध्याकाळी माझी पाळी होती. सूर्य मावळायला आला होता. लांब माळाच्या कडेला कळप उभा राहिला. पुढे काळा नर, पिळाची शिंगं, मान वर. शेतकरीबंधूंनी गोफण उचलली, एक दगड कळपाच्या बाजूला सोडला. कळप उड्या घेत वळला आणि दिसेनासा झाला. ते थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "आण्णा, तुमी त्या रातीला उत्तर दिलं न्हाई. पन मला आता वाटतं, गोफणबी लागंल अन् नमस्कारबी. फकस्त गोफण मी एकट्यानं धरायची अन् नमस्कार बाकीच्यांनी, असं नगं."

याहून चांगलं निरूपण मला करता येणार नाही. भाविकहो, यंदा दत्तजयंतीला तसबिरीपुढे हात जोडताना एवढंच मनात आणावं, की माळाकडच्या माणसाच्या कावडीतलं थोडं ओझं मी माझ्या खांद्यावर घेईन. मग अभय हा शब्द तोंडी घ्यायला आपण थोडे तरी लायक होऊ.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।